तीन आखूड, एक लांब

दाणा अजून हलत होता. शिट्टीच्या पोटातला तो बुचाचा दाणा – वाटाण्याहून लहान, एका अंगानं झिजलेला – शिट्टी कानाशी धरून हलवली की कोरडा खुळखुळायचा, आणि तीन आठवडे रोज सकाळी देवाजी हेच करून बघत होता. एखाद्या दिवशी दाणा आत अडकून बसेल, शिट्टी मुकी होईल, आणि मग म्हणता येईल की ही तर केव्हाची बिघडलेली, हिच्यातून धड आवाजच निघत नाही... पण आज बिघडलेली वस्तू मागच्या तारखेपासून बिघडलेली धरत नाहीत, एवढं पोलादाच्या प्लांटमध्ये छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कळत होतं. त्यानं ती पुन्हा हलवली. दाणा हलला.

"अजी, चाय निवून राहिली," कमला स्वयंपाकघरातून म्हणाली. "आन् ते शिट्टी ठेवा आता खाली. रोज काय पाहून राहिले तिच्यात?"

"वाळू गेली होती."

"तीन हप्ते झाले. अजून वाळूच आहे का?"

बायकोच्या बोलण्यात टोमणा आहे की साधी विचारपूस, हे ठरवायला आजकाल त्याला वेळ लागायचा. पूर्वी लागत नसे. कमला गुलगुले तळत होती, बबलूसाठी. बबलू म्हणजे मागच्या रस्त्यावरच्या चंपतचा मुलगा, अकरा वर्षांचा, देवाजीच्या स्काउट गटातला सगळ्यात नवा. त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. हात जुळेल, डॉक्टरनं सांगितलं होतं, पण पोरगा नळाखाली बसायला तयार नाही, डोक्यावर तांब्याभर पाणी घेतलं की किंचाळतो, ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यावं लागतं – हे चंपतनं तक्रार म्हणून नव्हतं सांगितलं, नुसतं सांगितलं होतं, आणि वर म्हणाला होता, "तुमी होते म्हणून वाचला, सर."

तुमी होते म्हणून.

"आज मोनालीच्या नायकीच्या पट्ट्या काढतान का?" कमलानं झारा कढईच्या काठावर ठोकत विचारलं.

"मानसभा ठरवन. नायकायची सभा असते ते, माही नाही."

"तुमी तथीच बसून असान ना?"

"असन. पण विचारल्याशिवाय मोठ्या माणसानं बोलायचं नाही. नियम आहे."

"कोणाचा?"

"गटाचा," देवाजी म्हणाला, आणि चहा पिऊन टाकला. निवलेलाच होता.

कमला त्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाली, "मीच शिवल्या होत्या तिच्या पट्ट्या. दुहेरी टाके घातले. निघाच्या नाहीत लवकर."

नियम गटाचा होता हे खरं, आणि गट देवाजीचा होता हेही खरं. वीस वर्षांपूर्वी मरोद्याच्या बुद्धविहाराशेजारच्या खोलीत नऊ पोरं जमवून त्यानं समता स्काउट गट सुरू केला, आणि दोर, बांबू, झेंडा यांच्याही आधी त्यानं जी वस्तू तयार केली ती म्हणजे नियमावली – तेवीस नियम, प्लांटमधल्या मिलच्या कँटीनमध्ये बसून शाईच्या पेनानं लिहिलेले, प्रत्येकाखाली कारण. लोक हसले. रामटेके, पोट्ट्यायले गाठी शिकवता का वकिली, म्हणाले. त्यांना काय माहीत. देवाजीचा बाप भंडाऱ्याकडून हिंदी मुलखातल्या या गावात आला तेव्हा ठेकेदाराच्या गेटवर रोज पहाटे उभा राहायचा आणि मुनशी बोटानं दाखवायचा – तू ये, तू ये, तू नको. नको तर का नको, हे विचारायची सोय नव्हती. एकदा बापानं लहान देवाजीला सोबत नेलं होतं, त्या दिवशी बापाच्या अंगावर नवा सदरा होता, आणि मुनशी सगळ्यांदेखत हसून म्हणाला, याला काम कशाला, याची तर बारात निघालीय... घरी येऊन बापानं सदरा काढून घडी करून ठेवला, तो पुन्हा घातलाच नाही. त्या घरात भिंतीवर बाबासाहेब होते, हातात पुस्तक धरलेले. देवाजीला पुढे कळलं की पुस्तक कशाला हवं. नियम लिहिलेला असला म्हणजे माणूस कुणाच्या मर्जीवर राहत नाही. लिहिलेलं दाखवता येतं. एवढ्यासाठी तेवीस नियम. हसा खुशाल.

चौथा नियम: तीन आखूड शिट्ट्या आणि एक लांब, ही नायकांची हाक. ऐकताक्षणी प्रत्येक टोळीच्या नायकानं हातातलं सोडून धावत यावं, कारण विचारू नये.

सातवा नियम: पाण्याजवळ नायकानं टोळी सोडू नये. सोडणं भागच पडलं तर उपनायकाच्या ताब्यात द्यावी. मोडल्यास पट्ट्या उतरतील.

वीस वर्षं हे दोन नियम एकाच पानावर तीन बोटांच्या अंतरानं राहिले आणि त्यांची कधी गाठ पडली नाही. त्या रविवारी मरोद्याच्या जलाशयावर पडली. शिट्टी वाजली, नायक धावले, मोनालीही धावली. तिचा उपनायक परीक्षेमुळे आलेला नव्हता. मागे दगडांच्या उतारावर सहा पोरं राहिली आणि त्यांतला बबलू शेवाळावरून घसरून गळ्याइतक्या पाण्यात गेला. एका मच्छीमारानं त्याला वर ओढलं. देवाजी गुडघ्यापर्यंत पाण्यात होता तेव्हा.

पालक समितीला त्यानं त्याच संध्याकाळी अहवाल लिहून दिला. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं होतं. 'नायिका मोनाली ही आपली टोळी उपनायकाच्या ताब्यात न देता अन्यत्र गेली असता सदर घटना घडली.' यात खोटं काय आहे? तो हे वाक्य स्कूटर पुसताना म्हणायचा, बूट घालताना म्हणायचा, क्रेनच्या केबिनचा जिना चढताना म्हणायचा. एकही अक्षर खोटं नाही. समितीनं विचारलं नाही की अन्यत्र म्हणजे कुठे. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. सांगितलंच असतं.

दुपारी सभा चारला होती. दहा वाजता तो स्कूटर काढून पावर हाउस नावाच्या बाजारपेठेत गेला. कशाला, ते कमलाला सांगितलं नाही; बाजारात काम आहे म्हणाला. फाटकापलीकडे दुर्गकडे जाणारी मालगाडी संपता संपत नव्हती, ऑटोवाले हॉर्न देत होते, आणि देवाजी हँडलवर हात ठेवून डबे मोजत होता, कारण मोजताना डोक्यात दुसरं काही येत नाही. सत्तेचाळीस मोजले. अठ्ठेचाळिसाव्याला मोनालीचा धापा टाकणारा चेहरा आला आणि मोजणी चुकली.

फकिराचं दुकान जुन्या बाजारात, शिंपीकाम आणि गणवेशाचं सामान. खाकी, निळं, स्कार्फ, पट्टे, सगळ्या शाळा त्याच्याकडून घ्यायच्या.

"सफेद पट्टी द्या. नायकाची," देवाजी म्हणाला.

"कितनी?"

"अर्धा मीटर."

"कोण नवा नायक झाला, सर?" फकिरानं फीत दांड्यावर ताणत विचारलं. मराठी माणूस समोर आला की तो मराठीत बोलायचा, त्याचं आजोळ नागपूरकडचं होतं. "मागच्या साली तर नेली होती तुमी. मोनालीसाठी. ते पोरगी सोबत आली होती, मले लक्षात आहे, दोनदा मोजून घेतली तिनं."

"अजून झाला नाही कोणी."

"मग?"

"लागन कदाचित."

फकिरानं मान हलवली आणि कात्री चालवली. देवाजी त्या आवाजानं दचकला. सभा व्हायची आहे, पोरांनी तोंड उघडायचं आहे, आणि मी निकालाचं सामान घेऊन ठेवतोय... त्यानं फीत खिशात टाकली. मर्तिकाच्या आधी कापड आणणारा माणूस त्यानं एकदा पाहिला होता, सासऱ्याच्या वेळी. सगळे त्याला व्यवहारी म्हणाले होते. देवाजीला तो आवडला नव्हता.

पायरी उतरतानाच हिरा भेटली. हिरा म्हणजे मोनालीची आई. नवरा गेल्यापासून एका खासगी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या करायची. हातात भाजीची पिशवी, अंगावर कामाची साडी. तिला पाहून त्याला आधी दुकानात परत शिरावंसं वाटलं. पण तिनं त्याच्याआधी मान खाली घातली होती.

"सर, मी येणारच होती तुमच्या घरी," ती म्हणाली. "माह्या पोरीनं तुमचं नाव खराब केलं. वीस साल तुमच्या गटात एका पोट्ट्याले खरचटलं नाही, आन् हे..."

"तसं नाही, हिराबाई."

"कसं नाही. तुमचा मोठेपणा आहे म्हणून बोलत नाही तुमी. मी विचार विचार विचारलं तिले, कावून गेली व तू सोडून? कोण बोलावलं होतं? तं बोलूनच नाही राहिली. म्हणते, आई, मानसभेच्या आधी बाहेर बोलायचं नाही, नियम आहे. जेवत नाही धड. रायपूरच्या मेळाव्याचा फारम भरला होता, तो घडी करून डब्यात टाकून दिला." तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तिच्या पट्ट्या गेल्या तं जाऊ द्या. पण लोकं म्हणून राहिले की बिनबापाची पोरगी, जबाबदारी काय समजन. तेवढं लागते, सर."

आता. इथं, या पायरीवर, भाजीवाल्यांच्या ओरड्यात, एका वाक्यात सांगून मोकळं होता येईल – मी बोलावलं होतं. तीन शब्द. पण तीन शब्दांमागे चौथा आला असता, पाचवा आला असता, कशासाठी बोलावलं होतं, आणि तिथं मात्र...

"मी आहे ना तिथं," तो म्हणाला.

"तेच तं," हिरा म्हणाली, आणि पहिल्यांदा तिनं वर पाहिलं. "तुमी आहे म्हणून चिंता नाही."

तो घरी कुठल्या रस्त्यानं आला, हे त्याला नंतर आठवेना.

कमला गुलगुले घेऊन बबलूकडे गेली होती. घर रिकामं. देवाजी पलंगावर बसला आणि त्यानं फोन काढला, आणि तीन आठवड्यांत नाही केलं ते केलं – भय्याजीनं पाठवलेला फोटो उघडला.

भय्याजी हा मिलमधला जुना सोबती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. त्या सकाळी जलाशयाच्या बांधावर फिरायला आला होता, मुलानं दिलेला नवा फोन हातात. "रामटेके, उभे राहा, एक फोटो काढून राहिलो," म्हणाला. आणि देवाजीच्या झोळीत, पाण्याच्या बाटलीशेजारी, सेवापदकाचा अर्ज होता. वीस वर्षांच्या सेवेचं पदक. अर्जासोबत एक छायाचित्र जोडावं, अर्जदार नायकांसह कार्यरत असताना. जानेवारीत प्लांटमधून निवृत्ती. नंतर काय, तर हाच गट, हीच पोरं, आणि भिंतीवर ते पदक, काचेच्या चौकटीत – जागासुद्धा त्यानं मनात ठरवली होती, दाराच्या समोर, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशी. यात पाप काय होतं? वीस वर्षं एक रविवार घेतला नाही स्वतःसाठी. कमलाच्या बहिणीच्या लग्नाला गेलो नाही, शिबिर होतं म्हणून. एक फोटो. एवढासा एक फोटो हवा होता मला.

आणि तोंडात शिट्टी, तीन आखूड, एक लांब.

खरं तर त्या दिवशी सहल काढायलाच नको होती. दुसरा नियम म्हणत होता, दोन मोठी माणसं सोबत हवीत, आणि सहायक नरेशला ऐन वेळी ड्यूटी लागली होती. पण देवाजीनं ठरवलं, मी एकटा दोघांएवढा आहे. वीस वर्षांत एवढी तरी सूट मिळवली असेल माणसानं. त्याला आता जाणवलं की सूट त्यानं कुणाकडे मागितलीच नव्हती. स्वतःच दिली, स्वतःच घेतली. मुनशी असाच करायचा.

त्यानं फोटो बोटांनी मोठा केला. मधे स्वतः, छाती काढून. एका बाजूला बाकीचे तीन नायक, दीक्षा आणि दोन मुलगे, सावधान. दुसऱ्या टोकाला मोनाली, सगळ्यात शेवटी पोहोचलेली, कारण तिची टोळी सगळ्यात लांब होती. बाकी तिघे कॅमेऱ्याकडे बघतायत. मोनाली बघत नव्हती. तिची मान मागे वळलेली, पाण्याकडे, आणि तोंड अर्धं उघडं...

तोंड उघडं का, ते जगात फार तर पाच माणसांना ठाऊक असेल. भय्याजी लांब होता, त्याला ऐकू गेलं नसावं. ती धापा टाकत आली होती आणि म्हणाली होती, "सर, मेरी टोली पानी के पास—" आणि देवाजी म्हणाला होता, "एक मिनिट. सरळ उभी राहा आधी."

ती सरळ उभी राहिली होती.

एक मिनिटसुद्धा लागलं नाही. भय्याजीनं फोटो काढला, अजून एक काढतो म्हणाला, देवाजीनं स्कार्फ नीट केला. दुसऱ्या फोटोच्या वेळी ओरडा झाला. दुसरा फोटो हललेला आला होता. भय्याजीनं तोही पाठवला होता.

देवाजीनं फोन उलटा ठेवला. त्याला मिलमधला जानराव आठवला – नको त्या वेळी, नको तोच माणूस. क्रेन वरून चालते, ऑपरेटरला खालचं सगळं दिसत नाही; म्हणून खाली एक सिग्नल देणारा असतो आणि ऑपरेटरनं फक्त त्याचाच हात बघायचा. बाकी दहा जण ओरडले तरी हलायचं नाही. फक्त एक सिग्नल कुणाचाही चालतो. थांब. थांब म्हणून झाडूवाल्यानं हात वर केला तरी ऑपरेटरनं थांबायचं, विचारायचं नाही तू कोण. पंधरा वर्षांपूर्वी जानरावनं हात खाली केला, देवाजीनं माल खाली सोडला, आणि सळयांचा भारा खांबाला घासून वाकला. कुणाला लागलं नाही, पण चौकशी लागली. देवाजी बाहेर बाकावर बसून होता, आत काय बोलायचं ते घोकत – सिग्नल मिळाला होता, साहेब – आणि जानराव, ज्याला अजून बोलावलंही नव्हतं, तो उठून सरळ आत गेला आणि म्हणाला, मीच दिला सिग्नल, त्याची चूक नाही. त्याची पुढली बढती गेली. देवाजीला तेव्हा काय वाटलं होतं? कृतज्ञता? नाही... सुटलो, एवढंच वाटलं होतं. आणि जानराव जरा भोळाच आहे, असंही वाटलं होतं. बोलावलं नसताना आत जायची काय गरज होती त्याला.

कमला आली तेव्हा तो गणवेश घालून तयार होता. ती म्हणाली, "बबलूनं चार गुलगुले खाल्ले. विचारत होता, मोनाली दीदी कावून नाही आली म्हणून." देवाजीनं शिट्टी गळ्यात घातली. ती थंड लागली.

खोलीत चौघे आधीच बसले होते, सतरंजीवर, गोल करून. दीक्षा अध्यक्ष, सगळ्यात मोठी, सोळाची. तिच्या मांडीवर सभेची वही. दोघे मुलगे. आणि मोनाली, पंधराची, दोन वेण्या, गणवेशाला कडक इस्त्री. डाव्या खिशावर दोन उभ्या पांढऱ्या पट्ट्या. भिंतीवर देवाजीच्या वळणदार अक्षरातला जुना तक्ता: गटप्रमुख, सहायक, नायक, उपनायक, आणि प्रत्येकापुढे त्याचं काम. गटप्रमुखासमोर त्यानं वीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं, 'सर्व जबाबदारी.' दोनच शब्द. नायकाचं काम सांगायला सहा ओळी लागल्या होत्या.

तो दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. इथंच बसायचं, गोलाच्या बाहेर. चौदावा नियम, त्याचा सगळ्यात लाडका: मानसभेत मोठ्या माणसाला मत नाही, विचारल्याशिवाय त्यानं बोलू नये. खाली कारण लिहिलं होतं – पोरांनी कुणाच्या मर्जीनं निर्णय घेऊ नये. बाहेर मैदानात नरेश बाकीच्यांकडून गाठी करून घेत होता, त्याचा आवाज येत होता, दायाँ ऊपर, बायाँ नीचे.

"शुरू करते हैं," दीक्षा म्हणाली. "मोनाली, सात नंबर का नियम मालूम है?"

"मालूम है."

"टोली छोड़ी थी?"

"हाव," मोनाली म्हणाली. "सोडली मी."

देवाजीनं मान वर केली. या खोलीत पोरं हिंदीत बोलायची, मराठी घरी ठेवून यायची. वीस वर्षं तो त्यावरून त्यांना टोचत आला होता. आज ती आईशी बोलावं तशी बोलत होती. दीक्षाही मग तिच्याच भाषेत कारण विचारत म्हणाली, "कावून सोडली?"

बाहेर नरेश म्हणाला, खींचो.

"उपनायक नव्हता," मोनाली म्हणाली. "दुसऱ्या कोणाले सांगून जायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. चूक माही आहे."

"ते नाही विचारलं. गेली कावून?"

मोनालीनं सतरंजीचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. तिनं देवाजीकडे पाहिलं नाही, आणि ती मुद्दाम पाहत नाहीये हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. "अठरावा नियम," ती म्हणाली. "नायकानं आपली चूक वर ढकलू नये, खाली ढकलू नये."

हा नियमही माझाच. कँटीनमध्ये लिहिताना किती खूश होतो मी त्या वाक्यावर, दोनदा मोठ्यानं वाचलं होतं.

"पर दीदी," एक मुलगा एकदम बोलला, "सीटी तो—"

"तेरी बारी नहीं आई," दीक्षा म्हणाली. इतक्या पटकन, की तिनं ते वाक्य आधीपासून हाताशी ठेवलं असावं. मुलाचे कान लाल झाले.

देवाजीला तेव्हा कळलं. तिघांनी शिट्टी ऐकली होती, तिघे धावले होते, तिघे त्या फोटोत सरळ उभे होते, आणि 'एक मिनिट' तिघांनी ऐकलं होतं. त्याला वाटत होतं, पोरं विसरली असतील, घाबरली असतील, त्यांच्या ध्यानात आलं नसेल. तसं काही नव्हतं. ती तीन आठवडे त्याची वाट पाहत होती, आणि आज, वाट पाहून झाल्यावर, त्याला वाचवत होती. त्याच्याच नियमांनी. त्याला लाज वाटली. एकोणसाठ वर्षांत वाटली नव्हती तशी लाज, कानशिलांपासून पोटापर्यंत.

दीक्षानं वहीत लिहिलं. तिचं अक्षर वळणदार होतं, तिनं ते तक्त्यावरून गिरवून गिरवून कमावलं होतं. "आणखी कोणाले काही?" तिनं विचारलं आणि एकेकाकडे पाहिलं. मुलगा. दुसरा मुलगा. मोनाली. आता शेवटचा प्रश्न उरला होता. प्रत्येक सभेत तो विचारायचाच असतो, वीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही – सर, आपको कुछ कहना है? – आणि दरवेळी तो मान हलवून नाही म्हणायचा.

दीक्षानं वही मिटली. पुढे काही विचारलं नाही. तिनं दाराच्या दिशेनं पाहिलंसुद्धा नाही, आणि मिटलेल्या वहीवर दोन्ही हात ठेवून ती नुसती बसली, मोठ्या बाईसारखी, थकलेली.

सकाळपासून, तीन आठवड्यांपासून त्यानं एकच गोष्ट मागितली होती – मला कुणी विचारू नये. मिळालं. आणि मिळताक्षणी त्याला वाटलं, विचार गं बाई. एकदा विचार. नियमात आहे ते, तू चुकते आहेस, विचारायला पाहिजे... खिशातली अर्धा मीटर फीत मांडीला टोचत होती. जानराव बाकावरून उठला होता तेव्हा त्याचे गुडघे वाजले होते, तो आवाज इतक्या वर्षांनी देवाजीला स्पष्ट आठवला. कुणी बोलावलं नव्हतं त्याला. थांब म्हणायला बोलावणं लागतच नाही, झाडूवाल्यालाही लागत नाही. मग मला का लागतंय?

मोनालीनं दप्तरातून छोटी कात्री काढली. घरून आणली होती. तिनं हनुवटी छातीला टेकवली, खिसा एका हातानं ताणून धरला आणि पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात कात्रीचं टोक घातलं. कुणी तिला म्हणालं नाही की थांब, मी काढून देते.

पहिला टाका तुटला. पुढचे कमलानं दुहेरी घातलेले होते, ते तुटायला वेळ लागणार होता. तेवढाच वेळ माझ्याकडे होता, आणि मला कुणी विचारणार नव्हतं.